माया सोडून

कात्री पर्समध्ये नीट मावत नव्हती. तिचं टोक कोपऱ्यातून बाहेर डोकावायचं, म्हणून वहिनीनं त्याला जुना हातमोजा चढवला होता. हल्ली ती जिथे जाई तिथे ही कात्री तिच्याबरोबर असे. भाजी आणायला, लेकीला, चिमणीला, शाळेत सोडायला, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडेही. घरी ठेवायची तर कुठे? कपाटात ठेवली तर कपाटाची किल्ली कुठे ठेवायची? असा विचार करत गेलं की माणूस शेवटी स्वतःच कपाट होऊन फिरायला लागतो. आज तीच पर्स मांडीवर घेऊन ती बोलणाऱ्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती, आणि जरा हललं की आतून लोखंड टोचत होतं.

‘बोलणाऱ्या बाई’ हे नाव आत्याचं, म्हणजे वहिनीच्या आत्तेसासूचं. घरात आधीपासून गोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनीच गोळ्यांच्या जोडीला बोलण्याचे उपचारही हवेत म्हणून या बाईंकडे पाठवलं, तेव्हा दोघांत गल्लत नको म्हणून आत्यानं बारसं उरकून टाकलं. गंमत अशी की या बाई फारशा बोलतच नसत.

“बोलणाऱ्या बाई म्हणे! आणि बोलतो कोण, तर आपलाच पोरगा,” आत्या म्हणायची. “ऐकायचंच असेल तर मी काय बहिरी आहे?”

बहिरी नव्हती, पण ऐकतही नव्हती. घरातलं कुणीच ऐकत नव्हतं.

आपला पोरगा म्हणजे बारक्या, मास्तरांचा धाकटा. कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले तरी घरात बारक्याच. मास्तर म्हणजे वहिनीचे सासरे. शिंपीकामातला त्यांचा हात असा की बायको, बहीण, मुलं, सगळी त्यांना मास्तरच म्हणत. बारक्याला स्किझोफ्रेनिया आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो शब्द उंबरठ्याच्या आत आला नव्हता. घरात त्याला ‘त्याचं ते’ म्हणत. कॉलेज संपता संपता त्याचं ते सुरू झालं. भिंतीतून, नळातून, रस्त्यावरच्या गाड्यांतून माणसं त्याच्याबद्दल बोलायला लागली. गोळ्यांनी ती पांगली. तो जेवायला, झोपायला लागला, दुकानात बटणं लावायला लागला. मग मास्तर गेले, आणि पांगलेल्या आवाजांच्या जागी एकच आवाज येऊन बसला, तो मास्तरांचा. हा मात्र गोळ्यांना दाद देईना. डोस वाढवला की बारक्या दिवसभर झोपायचा आणि मास्तर जागे राहायचे.

यावर घरानं एक नियम केला होता. विचारायचं नाही. विचारलं की वाढतं, असं फार पूर्वी कुणीतरी सासूबाईंना सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी ते अशा श्रद्धेनं पाळलं की सांगणारा कोण हेही विसरल्या. बारक्या मान वाकडी करून कान द्यायला लागला की त्या रेडिओ मोठा करायच्या, बारक्याचा मोठा भाऊ दादा मशीन जोरात चालवायचा, वहिनी भांडी घासायला घ्यायची. अळीमिळी गुपचिळी. इतकी वर्षं आवाज काय म्हणतो ते या घरात एकालाही माहीत नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. दुकान जेवणासाठी बंद होतं. आत्या चष्मा विसरली म्हणून खाली आली, तर बारक्या कटिंगच्या टेबलाशी उभा. हातात मास्तरांची मोठी कात्री, तीही उघडी. समोर चिमणीचा उसवलेला फ्रॉक. आणि तोंडानं पुटपुटणं चाललेलं, “काप म्हणतोय. काप, काप म्हणतोय.”

आत्यानं जी आरोळी ठोकली ती समोरच्या औषधवाल्यानंही ऐकली. त्या दिवसापासून कात्री वहिनीच्या पर्समध्ये होती, बारक्या पोटमाळ्यावर होता, आणि आत्या फोनला चिकटलेली होती. तिनंच ती संस्था शोधली. शहराबाहेर, भरपूर झाडं, स्वच्छ खोल्या, दारांना बाहेरून कड्या. एक जागा रिकामी झाली होती. उद्यापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. बोलणाऱ्या बाईंनी तेवढंच मागून घेतलं होतं की त्याआधी सगळ्यांनी एकदा त्यांच्याकडे यावं.

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, नाकासमोर चालणारा माणूस. फक्त ते नाक कुठे वळतं हे वहिनीवर अवलंबून, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. त्यामुळे गेले काही दिवस वहिनीचा भाव भलताच वधारला होता. आत्या तिच्या चहात साखर बरोबर आहे का विचारत होती आणि वर म्हणत होती, “तुझ्या पोरीचा विचार कर हो, मी काय आज आहे उद्या नाही.” सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा तिचे कपडे वाळत घालत होत्या. “तू म्हणशील तसंच होईल गं शेवटी,” एवढंच म्हणायच्या आणि चिमटा लावायच्या.

वहिनीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पण तिचं ठरलं होतं. पाठवायचं.

दार उघडलं. बारक्या आधीच आत बसला होता. खोली साधी होती. खुर्च्या गोलात मांडलेल्या, खिडकीत एक कुंडी, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि पेले. भिंतीवर काहीच नाही. बोलणाऱ्या बाई वहिनीच्याच वयाच्या होत्या आणि त्यांच्या स्वेटरची एक शिवण खांद्यावर उसवली होती. आत्याची नजर आधी तिथेच गेली.

“सगळे आलात, बरं वाटलं,” बाई म्हणाल्या. “आज काय बोलायचं ते यांनी आणि मी मिळून ठरवलंय. काय सांगायचं नाही तेही यांनीच ठरवलंय.”

“लपवाछपवी आहे म्हणजे,” आत्या म्हणाली.

“आत्या,” दादा म्हणाला.

“काय आत्या? मी बघितलंय डोळ्यांनी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? बाई, तो त्या आवाजाचं ऐकतो. तो म्हणतो काप, आणि हा कात्री घेतो. उद्या घरात काही झालं म्हणजे?”

बाईंनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही ते कळलं नाही. मग बारक्याला विचारलं, “आत्या म्हणतात, तुम्ही त्याचं ऐकता. ऐकता, की तुम्हाला ऐकू येतं?”

बारक्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्या बोटांवर सुईचे जुने घट्टे होते. “ऐकू येतं,” तो म्हणाला. “ऐकत नाही. न ऐकण्यातच सगळा दिवस जातो.”

“हे काय शब्दांचे खेळ,” आत्या म्हणाली, पण जरा हळू.

“त्या दुपारचं सांगाल?”

“सांगतो.” तो दादाकडे बघून बोलत होता. “बाईंचं आणि माझं ठरलं होतं. तो म्हणतो ते करावंच लागतं का, ते बघायचं. कात्रीजवळ उभं राहायचं, त्याला बोलू द्यायचं, आणि काही करायचं नाही. आधी नुसतं दारात उभा राहिलो. मग टेबलाजवळ. तेव्हाही काही झालं नाही. त्या दिवशी मी हातात घेतली. फ्रॉक तिथे आधीपासून होता, वहिनींनी उसवून ठेवलेला. मी उघडून धरली आणि तो ओरडत होता, आणि मी नुसता उभा होतो. चांगला वेळ उभा होतो. मला वाटलं, जमलं. मग आत्या ओरडली.”

वहिनीला आठवलं, त्या दिवशी फ्रॉकला खरंच कात्री लागलेली नव्हती. तिनं तो दुसऱ्या दिवशी शिवला होता आणि ही गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नव्हती.

“हातात घ्यायचं आमचं ठरलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “यांनी एक पायरी पुढे टाकली. पण घरात असं काही करायचं तर घरातल्या एकाला तरी माहीत हवं, हा आग्रह मी धरायला हवा होता. तुम्ही घाबरलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही.”

आत्याला ही कबुली अपेक्षित नव्हती. भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाला समोरच्यानं खुर्ची द्यावी तसं तिचं झालं. “नाही, म्हणजे, घाबरणारच ना माणूस,” ती म्हणाली.

“तो नुसतं ‘काप’ म्हणतो का रे?” दादानं विचारलं.

सासूबाईंनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. “विचारू नको,” त्या पुटपुटल्या. “वाढतं.”

“आई, विचारू दे,” बारक्या म्हणाला. “न विचारता काय कमी झालं?”

मग त्यानं बोलणाऱ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

“काप हे शेवटी म्हणतो,” बारक्या म्हणाला. “पूर्ण म्हणतो ते असं, ‘माया सोडून काप.’”

सासूबाईंचा हात तोंडावर गेला.

“कधीही म्हणतो. जिन्यात म्हणतो, आंघोळ करताना म्हणतो. घरातलं कुणी समोर आलं की जास्त. चिमणी समोर आली की फारच.” त्याचा आवाज सपाट होता, गिऱ्हाइकाला कोट कधी मिळेल ते सांगावं तसा. “मी खूप विचार केला. माया सोडून काप. म्हणजे ज्याच्यावर माया आहे त्याची सोडायची, आणि मग त्याला. म्हणजे माया नसेल तर काही सोडायला नको आणि कापायलाही नको. मग मी म्हटलं, माया लावायचीच नाही. चिमणी झाली तेव्हा वहिनींनी तिला माझ्या हातात द्यायला आणली होती. मी घेतली नाही. भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून तसंच ठेवलंय.”

वहिनीच्या हातातली पर्स घसरली, तिनं ती पकडली. ती दुपार तिला विसरायची म्हटली तरी विसरता आली नसती. दुपट्यातली पोर पुढे केलेली, आणि हा माणूस उठून भिंतीकडे वळलेला. पोर पुढे रांगत त्याच्याकडे गेली तर हा जिना चढून जायचा. पोरगी शाळेत जायला लागली, “काका माझ्याशी कट्टी का?” म्हणून विचारायला लागली. वहिनीनं आजाराचं सगळं माफ केलं होतं, रात्रीबेरात्रीचं बोलणं, गोळ्या, डॉक्टरांच्या खेपा. हे एक केलं नव्हतं. ‘पाठवायचं’ हे जे तिनं मनात ठरवलं होतं, त्याच्या तळाशी कात्री नव्हतीच. ती भिंत होती. तिनं तांब्यातलं पाणी ओतून घेतलं.

“तिला वाचवण्यासाठी,” बोलणाऱ्या बाई म्हणाल्या.

“हो.”

“घरच्यांची माया सोडून द्यायची, असा त्याचा अर्थ तुम्हाला लागला, त्यावर आपण मागेही बोललो होतो. आज मला घरच्यांना विचारायचं होतं की मास्तर असं कठोर काही…”

“थांबा, थांबा, थांबा,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. एवढा वेळ ती ओठ मिटून बसली होती, हेच तिच्या मानानं खूप झालं. “अहो बाई! अहो, तुम्हाला कुणी सांगितलं घरच्यांची माया म्हणून?”

बाई गोंधळल्या. “मग?”

“कापडाची माया हो! कापडाची!” आत्या खुर्चीतून उठलीच. तिनं बाईंच्या खांद्यावरची उसवलेली शिवण दोन बोटांत धरली. “ही बघा. शिवणीच्या पलीकडे हे जे जास्तीचं कापड आत दुमडलेलं असतं ना, ती माया. खुणेवर कधी कापायचं नाही, खुणेच्या बाहेर माया सोडायची आणि मग कापायचं. नाहीतर शिवणार कशावर, डोंबलावर? तुमच्या स्वेटरवाल्यानं सोडलीय बघा, चिमूटभर. म्हणून उसवलं.”

दादाच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता. हसू आवरायला त्यानं तोंडावर रुमाल धरला, आणि रुमालाच्या मागे तो हसतोय की रडतोय ते वहिनीलाही सांगता आलं नसतं. “काखेत कळसा,” तो म्हणाला. “दिवसातून शंभरदा आपण… काखेत कळसा.”

“आत्या,” बारक्या म्हणाला. “कापडाची माया मला माहीत नाही का? मी काय वाण्याच्या घरात जन्मलो?”

“मग मेल्या!”

“पण तो टेबलाजवळ नसतानाही म्हणतो. जिन्यात कुठलं कापड? चिमणी काय कापड आहे?”

आत्या खाली बसली. खोलीत आलेलं हसू आलं तसं ओसरलं, आणि वहिनीला वाटलं, संपलं, एका शब्दानं कुठे काय होतं.

बोलणाऱ्या बाईंनी खुर्ची थोडी पुढे घेतली. “मास्तर तुम्हाला हे पहिल्यांदा कधी म्हणाले? खरे मास्तर.”

“कटिंगच्या टेबलावर पहिल्यांदा बसवलं त्या दिवशी. एका गिऱ्हाइकाचा कोट होता. माझा हात थरथरत होता. मी खुणेवरच कापला. कोट गेला.”

“रागावले?”

“नाही. मारतील असं वाटलं होतं. मारलं नाही. पण त्यानंतर मी कात्री घेतली की मागे येऊन उभे राहायचे. हात थरथरायला लागला की म्हणायचे.”

“हात थरथरायला लागला की,” बाई म्हणाल्या. “आणि आता? चिमणी समोर आली की आधी काय होतं? आवाज येतो आणि भीती वाटते, की भीती वाटते आणि मग आवाज येतो?”

सासूबाई रेडिओ शोधावा तशा इकडेतिकडे बघत होत्या, पण इथे रेडिओ नव्हता.

“आधी भीती,” बारक्या म्हणाला. “हात थरथरतो. मग तो.”

“मास्तर कसं म्हणायचे?” बाईंनी घरच्यांकडे वळून विचारलं. “म्हणजे कुठल्या सुरात?”

दादानं खांदे उडवले. पण आत्या मास्तरांची सख्खी बहीण. एका आईचा गळा दोघांत वाटलेला. तिनं खाकरलं आणि मान खाली घालून, टेबलावर ओणवं झाल्यासारखी, म्हणाली, “सावकाश रे. खूण बघ. माया सोडून…” आणि इथे ती थांबली, दोरा दातानं तोडावा इतकी, “काप.”

बारक्या ताठ झाला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. दादा अर्धवट उठला, बाईंनी हातानं त्याला बसवलं.

“पुन्हा म्हण,” बारक्या म्हणाला.

“नको रे बाळा,” सासूबाई म्हणाल्या.

“आत्या, पुन्हा म्हण.”

आत्या आता घाबरली होती. पण म्हणाली. सावकाश रे, खूण बघ, माया सोडून, काप.

“तो ‘सावकाश रे’ म्हणत नाही,” बारक्या म्हणाला. “तो मधे थांबत नाही. मास्तर थांबायचे. मी विसरलोच होतो, मास्तर मधे थांबायचे.” मग म्हणाला, “तो मास्तर नाही. मास्तरांचं अर्धंच उचललंय त्यानं.”

“माया कशाला सोडायची सांगत होते ते, ठाऊक आहे ना?” आत्या म्हणाली. तिच्या आवाजातला सगळा ताठा गेला होता. “तुझा हात थरथरायचा म्हणून. माया सोडली की हात जरा चुकला तरी निभावतं. एवढंच रे. बाकी काही नाही त्यात.”

सासूबाई रडायला लागल्या. अगदी मोकळेपणानं, नाक शिंकरत. “मी विचारलं असतं तर,” त्या म्हणत होत्या. “मी नुसतं विचारलं असतं तरी.”

“तुम्हाला विचारू नका असंच सांगितलं होतं,” बोलणाऱ्या बाई म्हणाल्या. मग सगळ्यांना म्हणाल्या, “आज एक गाठ सुटली म्हणून आवाज जाईल असं मी म्हणणार नाही. उद्याही येईल. गोळ्या चालू राहतील, यांचं इथे येणं चालू राहील. यांना ‘आवाज खोटा आहे’ म्हणून सांगू नका, ‘खरा आहे’ असंही म्हणू नका. काय म्हणतो, ते विचारा. आणि यांनी उत्तर दिलं की ते ऐकून घ्या.”

निघताना दारात वहिनी मागे राहिली. बारक्याही राहिला. तो तिच्याशी बोलायला लागला की नेहमी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा, आजही तसंच बघत होता.

“तुमची पर्स जड आहे, वहिनी,” तो म्हणाला. “मला माहीत आहे काय आहे त्यात.”

तिला शरमल्यासारखं झालं. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही एका बाजूला कलून चालता. बरं केलंत. मलाही बरं वाटायचं ती तुमच्याकडे आहे म्हणून.”

दुकानाचं शटर दादानं वर केलं तेव्हा दुपार कलली होती. आत जाताना आत्या वहिनीच्या कानाशी लागली. “हे बघ, एवढ्यानं माझं मत काही बदललेलं नाही हो. तो उद्या पुन्हा बिघडला तर?”

“बिघडला तर बघू, आत्या.”

“संस्थेला काय कळवू मग?”

वहिनीनं टेबलाकडे पाहिलं. तिथे अर्धा राहिलेला कोट पसरलेला होता. मोठी कात्री नसल्यानं दादा हल्ली काजाच्या छोट्या कात्रीनं कापत होता आणि प्रत्येक कड उंदरानं कुरतडल्यासारखी निघत होती.

“कळवा की जागा दुसऱ्या कुणाला द्या,” ती म्हणाली. “आणि लगेच कळवा, कुणीतरी वाट बघत असेल.”

दादानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नाक वळलं. आत्यानं एक सुस्कारा टाकला, तो हरल्याचा होता की सुटल्याचा ते तिचं तिलाच माहीत, आणि फोनकडे गेली. सासूबाईंनी सवयीनं रेडिओच्या बटणाला हात घातला आणि पुन्हा मागे घेतला.

वहिनीनं पर्समधून कात्री काढली, हातमोजा काढला, आणि ती टेबलावर ठेवली. आपल्याला भीती वाटतेय हे तिला स्वच्छ कळत होतं. ठेवून ती मागे सरली, पण बाहेर गेली नाही.

बारक्यानं कात्रीकडे पाहिलं. हात लावला नाही. त्यानं खडू घेतला. कापडावर एक रेघ ओढली, सरळ, मास्तरांसारखी. मग तिच्या बाहेरून दुसरी. ही दुसरी रेघ इतकी लांबून गेली की दादाला राहवेना.

“एवढी माया? अरे, अर्धं कापड शिवणीतच जाईल.”

“जाऊ दे,” बारक्या म्हणाला. त्यानं कात्री टेबलावरून दादाकडे सरकवली आणि खडूचा हात पुसला. “सावकाश रे. खूण बघ. माया सोडलीय.” तो थांबला. चांगला थांबला. “काप.”

दादानं कात्री घातली. जाड कापडातून पाती चालल्याचा तो जुना, भरीव आवाज बऱ्याच दिवसांनी दुकानात झाला. बारक्यानं मान जराशी वाकडी केली आणि कान दिला. या घरातल्या प्रत्येकाला ती मान ओळखीची होती. सासूबाई उठल्या आणि बसल्या. एरवी याच वेळी वहिनी भांडी घासायला निघून जायची.

“काय म्हणतो, भाऊजी?” तिनं विचारलं.

बारक्यानं तिच्याकडे पाहिलं, खांद्यावरून पलीकडे नाही, तिच्याकडेच. “म्हणतो, माया जास्त झाली.”

“त्याला सांगा,” वहिनी म्हणाली, “वहिनी म्हणाली, असू दे.”